आडवा आकडा, उभा आकडा

पातेलं पडल्याचा आवाज आला तेव्हा मी बाहेर पायरीवर दूधवाल्याचा हिशेब करत होते. आत धावले, तर आई ओट्याला पाठ टेकून खाली बसलेली. बसलेली म्हणजे घसरत घसरत खाली आलेली. पातेलं पालथं, चहाचा ओघळ मोरीकडे चाललेला, आणि आईचा चेहरा भिजवलेल्या कणकेसारखा. डोळे उघडे होते, पण नजर माझ्यावर ठरत नव्हती.

आठ वाजत आले होते. साडेसातला इन्सुलिनचं इंजेक्शन मीच दिलं होतं, १८ युनिट. त्यामुळे मनात दुसरं काही आलंच नाही. शुगर उतरली, एवढंच. वीस-बावीस वर्षं ज्या घरात हा आजार मुक्कामाला आहे, तिथं हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातात. मी चमचाभर साखर तिच्या गालात सारली आणि ग्लुकोमीटर काढला. आकडा आला १७४.

विश्वास बसला नाही. हाताला साखर लागली असेल म्हणून तिचं बोट धुऊन, पुसून, नवी पट्टी लावून पुन्हा टोचलं. १७१. तोवर आई माणसात आली होती. साखर अजून धड विरघळली नव्हती आणि ती म्हणत होती, "काही नाही झालं गं. उभी होते, एकदम अंधारी आली. आता बरं वाटतंय." खाली बसल्यापासून दोन मिनिटांत.

असं त्या महिन्यात तिसऱ्यांदा झालं होतं. आधीच्या दोन्ही वेळी मी शुगर न बघताच साखर दिली होती, आई बरी झाली होती, आणि साखरेनंच बरी झाली असं आम्ही धरून चाललो होतो.

आमची कऱ्हाडात पिठाची गिरणी होती. वडील गेल्यावर आईनं ती एकटीनं अठ्ठावीस वर्षं चालवली. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत आणि पुन्हा चार ते आठ, सगळं उभ्यानं. गहू, ज्वारी, भाजणी, थालीपिठाचं पीठ. कुणाचा डबा कुठला हे तिला झाकणावरून कळायचं आणि दगडाला टाकी लावायची वेळ झाली की नाही हे आवाजावरून. ज्या बाईनं आयुष्य उभ्यानं काढलं, तिला आता ओट्यापाशी तीन मिनिटं उभं राहवत नव्हतं, हे मला फार लागलं. तिला त्याहून जास्त लागलं असणार. ती बोलली नाही.

आधीच्या तपासणीत तिचं बीपी जास्त निघालं होतं. खुर्चीत बसवून, दंडाला पट्टा बांधून, १६० च्या वर. म्हणून गोळी वाढवली गेली. त्यावर आमची काही हरकत नव्हती, आकडा समोर दिसत होता. अंधारीचं सांगितलं तर ‘अशक्तपणा आहे, वय झालं’ असं उत्तर मिळालं. तेही आम्ही ऐकून घेतलं.

मग एका एमडी मॅडमकडे गेलो. त्यांनी आईची फाइल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं? घर फिरतं, गरगरतं, की डोळ्यांपुढं अंधारी येते?"

मला तो प्रश्न अजून आठवतो. आपण सगळ्यालाच चक्कर म्हणून मोकळे होतो, पण आपल्या भाषेनं हे सगळं केव्हाच वेगवेगळं करून ठेवलंय. गरगरणं वेगळं, त्यात भिंती फिरतात, आणि त्याचं मूळ बरेचदा कानात असतं. तोल जाणं वेगळं. भोवळ येणं, घेरी येणं म्हणजे शुद्धच हरपणं. आणि अंधारी म्हणजे त्याच्या आधीचा उंबरठा, मेंदूला रक्त कमी पडू लागल्याची खूण. आई पहिल्या दिवसापासून ‘अंधारी’च म्हणत होती. आम्ही त्याची ‘चक्कर’ केली आणि पुढं डॉक्टरांनाही तेच सांगत राहिलो.

"आजी, मान आणि खांदे भरून येतात का? उभं असताना?" हा दुसरा प्रश्न. आई माझ्याकडे बघायला लागली. वर्षभर आम्ही त्या मानेला बाम चोळत होतो. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरला की मानेच्या, खांद्याच्या स्नायूंना रक्त पुरत नाही आणि ते दुखतात. आडवं झालं की थांबतं. खरंच, आई आडवी झाली की तिची मान दुखायची थांबायची. आम्ही ते श्रेय बामाला देत होतो.

मग मॅडमनी आईला तपासणीच्या टेबलावर पाच मिनिटं निवांत झोपवलं आणि आडव्यानं दाब मोजला. १६४ वर ८६. उभं केलं, एका मिनिटानं पुन्हा पट्टा फुगवला. १३८. आईचा एक हात माझ्या खांद्यावर होता आणि तिची बोटं हळूहळू घट्ट होत गेली. तिसऱ्या मिनिटाला ११४ वर ६८. पन्नासचा फरक. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तरी उभ्यानं दाब उतरण्याचा आजार धरतात. शिवाय एवढा दाब उतरूनही नाडीचे ठोके म्हणावे तसे वाढले नव्हते. मॅडमनी आईला परत झोपवलं आणि म्हणाल्या, "शुगरनं पायाच्या बोटांना मुंग्या आणल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. आतल्या नसांनाही तेच झालंय."

आतल्या नसा म्हणजे मज्जातंतू, ज्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही त्या नसा. घाम आणणाऱ्या, आतडी हलवणाऱ्या, हृदयाचे ठोके कमीजास्त करणाऱ्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या आणि सैल सोडणाऱ्या. आपण उठून उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत आणि हृदयापाशी महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी टोकं असतात. ती मेंदूच्या बुंध्याला खबर देतात, आणि तिथून नसांमार्फत हुकूम सुटतो, ‘खालच्या वाहिन्या आवळा, ठोके वाढवा.’ हे सगळं काही सेकंदांत होतं, म्हणून आपल्याला उभं राहणं ही गोष्टच वाटत नाही.

घरी येताना रिक्षात मी आईला हे समजावत होते आणि समजावता समजावता मलाच उमगत गेलं. आमची गल्ली उताराची. पाणी सुटलं की खालच्या घरांना धो धो येतं आणि आम्ही वरचे थेंब थेंब झेलत बसतो. नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस येऊन खालची चावी आवळतो, तेव्हा कुठं वर पाणी चढतं. "तुझ्या अंगात तो चावी आवळणारा माणूस हल्ली वेळेवर येत नाही," मी म्हटलं. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मग सकाळीच का? संध्याकाळी मी तासभर भाजी निवडत, फोडणी घालत उभी असते की."

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. पुढच्या तपासणीला मी तो मॅडमना विचारला, आणि त्यांनी विचारलं, "इन्सुलिन किती वाजता देता? आणि आजींना अंधारी येते किती वाजता?"

इन्सुलिन म्हणजे शुगर उतरवणारं औषध, एवढीच आपली समजूत. १९२१ साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ते मिळवलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला टोचलं. तेव्हापासून शंभर वर्षं त्याची ओळख शुगरचीच आहे, आणि ते साहजिक आहे, त्यानं माणसं मरणाच्या दारातून परत आणली. पण इन्सुलिन हा शरीराचा जुना निरोप्या आहे. ‘जेवण आलंय’ हा निरोप तो एकट्या यकृताला आणि स्नायूंना देत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही देतो. ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, वाहिनी सैल होते आणि स्नायूंकडे जास्त रक्त वाहतं. साखर पोचवायची तर रस्ता रुंद करायला हवा, असा हा सरळ व्यवहार. मूत्रपिंडांना तो सांगतो, ‘मीठ धरून ठेवा.’ आणि मेंदूतही जातो, तिथून रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसांना चेतवतो.

म्हणजे एका हातानं नळ सोडायचे आणि दुसऱ्या हातानं चावी आवळायला माणूस पाठवायचा. निरोगी शरीरात दोन्ही एकदमच होतं, म्हणून दाब जागचा हलत नाही.

हे माणसांवर मोजलं कसं, ते वाचताना मी रात्री जागले. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक नस त्वचेच्या जवळून जाते. तिच्यात केसाएवढी बारीक टंगस्टनची सुई घालायची, आणि ती नस मेंदूकडून जे काही नेत असेल ते लाउडस्पीकरवर ऐकायचं. ही पद्धत स्वीडनमध्ये उप्साला इथं १९६० च्या दशकात हागबार्थ आणि वाल्बो यांनी घडवली. हृदयाच्या ठोक्यांशी ताल धरून त्या नसेतून आवाजाच्या लाटा येतात, खर्र… खर्र… अशा. अमेरिकेत आयोवा इथल्या संशोधकांनी १९९१ साली हेच ऐकत ऐकत निरोगी पुरुषांच्या शिरेतून इन्सुलिन सोडलं. सोबत ग्लुकोज देऊन रक्तातली साखर जागच्या जागी ठेवली, म्हणजे जे होईल ते साखर उतरल्यामुळे झालं असं म्हणायला जागा राहू नये. लाउडस्पीकरमधल्या लाटा वाढल्या. नसा जोरात बोलू लागल्या. पण त्याच वेळी दंडाखालच्या हातातला रक्तप्रवाहही वाढला, आणि दाब मात्र वर गेला नाही.

मला आई आठवली. गिरणीच्या दारात उभी राहून, आत न बघता, नुसत्या घरघरीवरून ‘आतमध्ये खडा गेलाय’ म्हणणारी. नस ऐकणारी ती माणसं तिला लगेच कळली असती.

आता ज्याच्या नसाच झिजल्या आहेत त्याचं काय होईल, ते उघड आहे. नळ सुटतील, चावी आवळली जाणार नाही. १९७६ साली लंडनच्या पेज आणि वॉटकिन्स या डॉक्टरांनी हेच नोंदवलं, की मधुमेहानं आतल्या नसा बिघडलेल्या रुग्णांत इन्सुलिन दिल्यावर उभं असतानाचा दाब आणखी घसरतो. रुग्णाला भोवळल्यासारखं होतं, इंजेक्शन नुकतंच झालेलं असतं, आणि घरच्यांना वाटतं शुगर उतरली. एवढ्या वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या स्वयंपाकघरातली सकाळ लिहून ठेवली होती.

मॅडमनी एक गोष्ट मात्र बजावली. साखर दिली ते चुकलं नाही. शुगर तपासायची सोय नसेल तर आधी साखरच द्यायची, कारण उतरलेली शुगर जिवावर बेतू शकते. नसा बिघडलेल्या माणसाला तर घाम, थरथर, धडधड या तिच्या खुणाही नीट कळत नाहीत. तपासता येत असेल तर तपासायचं. आणि आडवं केल्याबरोबर दोन मिनिटांत माणूस सुधारला तर दाबाचा विचार करायचा, कारण शुगर उतरलेली असेल तर नुसतं आडवं होऊन भागत नाही.

एक उलटा प्रश्न मला छळत होता. इन्सुलिन नसा चेतवतं, मीठ धरून ठेवतं, तर मग ज्यांच्या अंगात इन्सुलिन जास्त असतं त्यांचा दाब त्यानंच चढत असेल का? वजन वाढलेल्या माणसांच्या शरीराला इन्सुलिनचं ऐकू कमी येतं, म्हणून ते जास्त सुटतं. १९८८ साली स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी शुगर, रक्तातली चरबी आणि रक्तदाब यांची मोट याच एका धाग्यानं बांधली. अशा माणसांत वाहिनी सैल होण्याचं काम मंदावतं आणि नसांचं चेतवणं, मीठ धरणं मात्र चालू राहतं, असं मांडलं गेलं. तर्क मोहात पाडणारा आहे. पण स्वादुपिंडात इन्सुलिन ओतणारी गाठ असते, इन्सुलिनोमा, अशा रुग्णांत रक्तदाब वाढलेला सहसा सापडत नाही. म्हणजे एकट्या इन्सुलिनवर खापर फोडून चालणार नाही. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की दाब चढवण्या-उतरवण्यात तो निरोप कुणाला आणि कशा शरीराला पोचतो यावर सगळं आहे. माझ्या आईला तो पोचतो अर्धाच.

‘पण वजन तर नाही हिचं,’ असं मावशीपासून शेजारणींपर्यंत सगळ्या म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम मी त्यांना सांगत बसते. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांची उंची-वजनाची गोळाबेरीज सारखीच, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतःच सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, तरी चरबी त्या मानानं राखलेली. बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असतोच असं नाही. आई हे ऐकून घेते आणि म्हणते, "उंबऱ्यावरच्या पाटीवरून पीठ कळतंय होय कुणाला!"

उपाय काही फार मोठे नव्हते. लघवी वाढवणारी गोळी मॅडमनी बंद केली, दुसरी रात्री झोपतानावर नेली. इन्सुलिन बंद करण्याचा प्रश्नच नव्हता, फक्त ते बसून घ्यायचं, न्याहारी बसून करायची, पोटभर न जेवता थोडं थोडं खायचं, आणि पुढचे दोन-तीन तास ओट्यापाशी जायचं नाही. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या. रात्री सपाट झोपलं की अशा माणसांचा दाब चढतो, मूत्रपिंडं मीठ-पाणी बाहेर टाकत राहतात, आणि पहाटेपर्यंत शरीर रिकामं होतं. ती रात्री तीन-चारदा लघवीला का उठायची आणि सकाळ का वाईट जायची, दोन्हीचं उत्तर त्या विटांपाशी होतं. हृदय आणि मूत्रपिंडं तपासल्यावर मॅडमनी आणखी एक सांगितलं, उठण्याआधी दोन मोठे पेले पाणी एकदम प्यायचं. मला हे खुळचट वाटलं होतं. वहीत मात्र फरक दिसतो. पाण्यानंतर अर्ध्या तासानं उभा आकडा १५-२० नं वर असतो.

ती वही आता देवघराच्या फळीवर असते. गिरणीच्या उधारीची जुनी वही, मागची कोरी पानं. आईनंच रकाने आखलेत. तारीख, वेळ, सुई, आडवा, उभा. बसलेला आकडा आम्ही लिहीत नाही. इतकी वर्षं सगळे तोच मोजत होते.

उठायचंही शास्त्र आहे. आधी कुशीवर, मग पाय सोडून पलंगाच्या कडेला, आणि तिथं किमान दोन मिनिटं. घड्याळात बघून बसणं आईला जमेना. मग तिनं स्वतःच तोडगा काढला. ती पाढे म्हणते. वजनावर दळणाचे पैसे सांगणाऱ्या बाईचे पाढे अजून पक्के आहेत. पोटऱ्या आवळत, सोडत, एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी… तिसाच्या आतला हा सगळ्यांत अवघड पाढा. एखादं घर चुकलं तर ती उठत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मेंदूला रक्त पुरतंय की नाही याची ती तिची चाचणी आहे. दाहे दोनशे नव्वद झालं की मी हात पुढं करते.

गिरणी आम्ही चार वर्षांपूर्वी चालवायला दिली. खंडेनवमीला यंत्राची पूजा असते, आणि आई दरवर्षी जाते. यंदा मी नको म्हणत होते, कारण पूजा सकाळची आणि आरतीला उभं राहावं लागतं. ती ऐकेना. सुई आणि न्याहारी उरकून, पाणी पिऊन, पिशवीत बीपीचं मशीन घेऊन आम्ही गेलो. आरतीला सगळे उभे राहिले. आईनं धान्य ओतायच्या डब्याच्या कडेला एक हात टेकला आणि पायात पाय घालून, मांड्या घट्ट आवळून उभी राहिली. लुगड्याच्या घोळात ते कुणाला दिसलं नाही. मी आरती म्हणत नव्हते, तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं सैल होती.

नारळ फुटला, पोरानं बटण दाबलं, गिरणी सुरू झाली. आईनं मान जराशी कलती केली.

"पट्टा सैल पडलाय रे," ती म्हणाली. "उद्या आवळून घे."